सर्व्हर सुरू झाला, ‘सिंटॅक्स ओके’ म्हणाला, पण कुलूप गळून पडले होते: अपाची २.२ वरून २.४ वर जाताना

पडवी (धागा सुरू करणारे)

आमच्या तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी काही वर्षांपासून हौसेने सांभाळतो. ते गेल्या महिन्यापर्यंत सेंटओएस ६ ही लिनक्स प्रणाली असलेल्या एका जुन्या भाड्याच्या सर्व्हरवर, अपाची या वेब-सर्व्हर प्रोग्रामच्या २.२ या आवृत्तीवर चालत होते. सेंटओएस ६ ची देखभाल ३० नोव्हेंबर २०२० रोजी थांबली आणि अपाची २.२ च्या मालिकेतील शेवटची आवृत्ती जुलै २०१७ मधली, म्हणजे मी किती काळ डोळ्यांवर कातडे ओढून बसलो होतो ते वेगळे सांगायला नको. अखेर एका शनिवारी रात्री सगळे उबुंटू २४.०४ या नव्या लिनक्सवर, म्हणजे अपाची २.४.५८ वर हलवले. कॉन्फिग (सेटिंगच्या फाइली) तपासण्याची आज्ञा दिली, ‘सिंटॅक्स ओके’ असे उत्तर आले, मुखपृष्ठ उघडले, पुस्तकांचा शोध चालला, आणि मी निवांत झोपलो.

एकोणीस दिवसांनी एका सभासदाचा फोन आला. त्यांनी गूगलवर सहज स्वतःचे नाव शोधले, तर वाचनालयाच्या सभासदयादीतील त्यांचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक समोर आला. ‘सभासद’ नावाच्या फोल्डरात वर्षवार याद्या ठेवलेल्या आहेत आणि त्या फोल्डरला डॉट-एचटीॲक्सेस या, त्या-त्या फोल्डराचे नियम सांगणाऱ्या फाइलीतून पासवर्ड लावलेला आहे, तोही २०११ पासून. मी मोबाइलवर तो पत्ता उघडला, तर पासवर्ड विचारलाच गेला नाही. एवढ्यावर भागले नाही, ‘इंडेक्स ऑफ’ असा मथळा देऊन सर्व फाइली, त्यांच्या तारखा आणि आकारमान यांची व्यवस्थित यादीही सर्व्हरने मांडून ठेवली होती. एरर लॉगमध्ये याबद्दल एक अक्षर नाही.

याद्या तातडीने वेब-फोल्डरच्या बाहेर काढल्या आणि वाचनालयाच्या कार्यकारिणीलाही कळवले. पण मनाला लागून राहिलेला प्रश्न असा आहे की फाइल तीच, पासवर्ड तोच, एक ओळही बदललेली नाही, आणि तरीही नव्या सर्व्हरने ना नकार दिला ना इशारा दिला. हे वागणे नेमके कुठून आले, आणि अशाच आणखी कोणत्या ओळी दिसायला तशाच राहून अर्थ बदलून बसल्या असतील, हे जाणकारांनी सांगावे. (सेटिंगची नावे मी देवनागरीत लिहीत आहे. फाइलीत ती अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतात.)

---

घड्याळजी

पडवी, तुमचे कुलूप ‘अलाउओव्हरराइड’ या सेटिंगने उघडले. फोल्डरातील डॉट-एचटीॲक्सेस फाइलीचे ऐकायचे की नाही आणि ऐकायचे तर कोणत्या बाबतीत, हे त्यावर ठरते. अपाची २.२ मध्ये हे सेटिंग कुठेच लिहिलेले नसेल तर त्याचा अर्थ ‘ऑल’ असा होई, म्हणजे सगळे ऐकायचे. २.३.९ या विकास-आवृत्तीपासून न लिहिण्याचा अर्थ ‘नन’ असा झाला, आणि २०१२ च्या फेब्रुवारीत २.४ ची मालिका सर्वांसाठी आली तेव्हा तोच कायम राहिला. ‘नन’ असेल तर सर्व्हर ती फाइल उघडून वाचत नाही आणि ती तिथे आहे का हेही पाहत नाही. न पाहिलेल्या फाइलीबद्दल लॉगमध्ये काय लिहिणार?

या निर्णयामागची कारणे मला पटतात. ऐकायचे ठरवले की प्रत्येक विनंतीला सर्व्हरला वरच्या फोल्डरापासून खालच्या फोल्डरापर्यंत प्रत्येक पायरीवर ही फाइल आहे का ते पाहावे लागते. पाच पातळ्या खोल असलेल्या एका चित्रासाठीही हे पाच वेळा घडते. शिवाय ज्याला एखाद्या फोल्डरात फाइल टाकता येते त्याला सर्व्हरचे वागणेही बदलता येते, आणि फाइली अपलोड होणाऱ्या संकेतस्थळावर हे फार महागात पडते.

फाइलींची यादी दिसली, त्यामागचे कारण मात्र वेगळे आहे. ‘ऑप्शन्स’ या सेटिंगचे न लिहिलेले मूल्य २.२ मध्ये ‘ऑल’ होते. २.३.११ पासून ते फक्त ‘फॉलोसिमलिंक्स’ झाले, म्हणजे अपाचीने यादी दाखवणे आपणहून बंद केले. पण उबुंटूच्या मुख्य फाइलीत ‘व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ या वेब-फोल्डरासाठी यादी दाखवणारे ‘इंडेक्सेस’ मुद्दाम लिहिलेले असते. अपाचीने ओढून घेतलेली खिडकी वितरकाने (येथे उबुंटूने) पुन्हा उघडली.

डॉट-एचटीॲक्सेस वाचली जाते की नाही हे कळण्याचा जुना उपाय म्हणजे तिच्या पहिल्या ओळीत ‘अबकड’ सारखा निरर्थक शब्द लिहून पान उघडणे. ५०० ची (सर्व्हरमधील बिघाडाची) त्रुटी आली तर फाइल वाचली जात आहे, आणि पान सुखाने उघडले तर तुमच्या नियमांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

---

चिमटा

घड्याळजींचे निदान निम्मे बरोबर आहे. सेंटओएस ६ सोबत येणाऱ्या अपाची २.२ च्या फाइलीतही मूळ फोल्डरासाठी (ज्याच्या पोटात सर्व्हरवरचे सगळे फोल्डर येतात) आणि वेब-फोल्डरासाठी ‘अलाउओव्हरराइड नन’ असे स्पष्ट लिहिलेले असे. म्हणजे वितरकाची फाइल जशीच्या तशी वापरली असती, तर पडवींचा पासवर्ड २०११ मध्येही चालला नसता आणि त्याच दिवशी लक्षात आला असता. तो इतकी वर्षे चालला याचा अर्थ कोणीतरी फाइलीत हात घातला होता. त्यांनी ती बदलून ‘ऑल’ लिहिले असेल, किंवा मूळ फाइलच बाजूला ठेवली असेल. जुनी फाइल शिल्लक असेल तर पाहून सांगावे, कारण दोन्हींतून निघणारा बोध वेगळा आहे.

---

पडवी

चिमटा, तुमचा तर्क अचूक निघाला. बॅकअपमधून जुनी मुख्य फाइल काढून पाहिली. माझ्या आधीच्या स्वयंसेवकाने मूळची लांबलचक फाइल बाजूला सारून चौतीस ओळींची स्वतःची फाइल लिहिली होती, आणि वर टीप होती: ‘मूळ फाइलीत फार गर्दी आहे, लागेल तेवढेच ठेवले.’ त्या चौतीस ओळींत ‘अलाउओव्हरराइड’ हा शब्द एकदाही नाही. आमचा पासवर्ड इतकी वर्षे एका न लिहिलेल्या ओळीच्या भरवशावर उभा होता. स्थलांतराच्या वेळी मी ती फाइल तीनदा वाचली, पण जी ओळ नाहीच ती डोळ्यांना कशी दिसणार?

---

रातपाळी

पडवींनी फार मनाला लावून घेऊ नये, कारण याच बदलाने फार मोठ्यांची फजिती केलेली आहे. ब्लूइंपचे ‘जेक्वेरी फाइल अपलोड’ हे मुक्त-स्रोत साधन एके काळी जगभर वापरले जाई. अपलोड झालेली फाइल सर्व्हरवर प्रोग्राम म्हणून चालू नये, यासाठी त्याच्या अपलोड फोल्डरात एक डॉट-एचटीॲक्सेस ठेवलेली होती आणि सारी सुरक्षितता तिच्यावर होती. अपाचीने न लिहिल्याचा अर्थ बदलला तसा हा पहारा अनेक सर्व्हरांवर उठला, आणि कोणीही पीएचपी (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल चढवून ती तिथेच चालवू शकेल अशी अवस्था झाली. अकामाईचे सुरक्षा-संशोधक लॅरी कॅशडॉलर यांनी ते २०१८ मध्ये उघड केले आणि त्याला सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१८-९२०६ हा क्रमांक मिळाला. तोवर त्या साधनाच्या हजारो फाट्यांत (इतरांनी बदल करण्यासाठी घेतलेल्या प्रतींत) हेच भोक जसेच्या तसे उतरले होते. दुरुस्तीमध्ये डॉट-एचटीॲक्सेसवरचा भरवसा सोडून, मुळात चित्रांच्याच फाइली स्वीकारायच्या असे ठरवले गेले.

साधन लिहिणाऱ्याने आपल्या बाजूने काळजी घेतली होती आणि अपाचीनेही चांगल्या हेतूने बदल केला होता, हे यात ध्यानात घेण्यासारखे आहे. एकाच्या गृहीतकाखालची जमीन दुसऱ्याने सरकवली आणि दोघांनाही कित्येक वर्षे पत्ता नव्हता.

---

दुसरा_माळा

बदल योग्य असेल, पण त्याची रीत मला मान्य नाही. जुन्या फाइलीचा अर्थ बदलणार असेल तर सर्व्हरने सुरू होताना निदान एक इशारा द्यायला हवा होता. ‘नेमव्हर्च्युअलहोस्ट’ ही ओळ २.४ मध्ये निरुपयोगी झाली, तेव्हा लॉगमध्ये क्रमांकासह स्पष्ट वाक्य येते की हिचा काही परिणाम नाही आणि पुढील आवृत्तीत ती काढली जाईल. ‘मॅक्सक्लायंट्स’ चे नाव ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’ झाले, तरी जुने नाव अजून चालते. ‘ऑप्शन्स’ मध्ये काही शब्दांना अधिक-उणे चिन्ह आणि काहींना नाही अशी सरमिसळ केली, तर २.४ सुरूच होत नाही. हे सगळे जमते, मग संरक्षणाच्या बाबतीत मौन का?

---

घड्याळजी

दुसरा_माळा, तुमच्या उदाहरणांतील प्रत्येक ओळ फाइलीत लिहिलेली असते, म्हणून सर्व्हर तिच्यावर बोट ठेवून बोलू शकतो. ‘अलाउओव्हरराइड’ लिहिलेले नाही हे त्याला कळेल, पण त्या ओळीची तुम्हाला गरज होती का, हे कळण्यासाठी त्याला हजारो फोल्डर धुंडाळून डॉट-एचटीॲक्सेस शोधाव्या लागतील. तोच खर्च टाळण्यासाठी तर हा बदल झाला. हे शोधकाम स्थलांतर करणाऱ्याने एकदाच करणे शहाणपणाचे आहे. जुन्या सर्व्हरवर ‘फाइंड’ आज्ञेने त्या नावाच्या सगळ्या फाइलींची यादी काढावी, प्रत्येक फाइल उघडावी आणि तिच्यातले नियम मुख्य कॉन्फिगमधील त्या फोल्डराच्या कक्षात हलवावेत. ज्याच्या हाती मुख्य फाइल आहे त्याने डॉट-एचटीॲक्सेस वापरू नये, अशी अपाचीच्या दस्तऐवजांचीही शिफारस आहे.

---

पडवी

घड्याळजींच्या सल्ल्याप्रमाणे केले. जुन्या सर्व्हरच्या बॅकअपमध्ये एकूण अकरा डॉट-एचटीॲक्सेस फाइली निघाल्या. मला आठवत होत्या तीन. सर्व नियम आता व्हर्च्युअल होस्टच्या (एकेका संकेतस्थळाच्या कॉन्फिगच्या) फाइलीत आणले आहेत. ‘सभासद’ फोल्डराचा जुना नियम असा होता की विनंती वाचनालयाच्या कार्यालयातील जोडणीवरूनच यावी, आणि शिवाय पासवर्डही द्यावा लागावा:

ऑर्डर डिनाय,अलाउ
डिनाय फ्रॉम ऑल
अलाउ फ्रॉम [कार्यालयाचा स्थिर आयपी पत्ता]
रिक्वायर व्हॅलिड-यूजर

नव्या पद्धतीने ते असे लिहिले:

रिक्वायर आयपी [कार्यालयाचा स्थिर आयपी पत्ता]
रिक्वायर व्हॅलिड-यूजर

पहिल्यापेक्षा सुटसुटीत झाले असे मला वाटते. घरून उघडून पाहिले, पासवर्ड विचारला जातो. आता याद्या परत ठेवायला हरकत नसावी.

---

चिमटा

कृपया थांबा, याद्या परत ठेवू नका.

तुमच्या जुन्या चार ओळी आणि नव्या दोन ओळी यांचा अर्थ एक नाही. २.२ मध्ये पत्त्याचा नियम आणि पासवर्डचा नियम दोन वेगळी खाती तपासत आणि ‘सॅटिस्फाय’ चे न लिहिलेले मूल्य ‘ऑल’ असल्यामुळे दोन्हींतून पार व्हावे लागे. २.४ मध्ये दोन्ही नियम ‘रिक्वायर’ च्या एकाच रांगेत येतात, आणि ज्या ‘रिक्वायर’ ओळींना स्वतःचा कक्ष दिलेला नाही त्या ‘रिक्वायरएनी’ मध्ये आहेत असे मानले जाते. म्हणजे ‘आणि’ च्या जागी ‘किंवा’ आला. घरून तुम्हाला पासवर्ड विचारला, कारण तुमचा पत्ता कार्यालयाचा नव्हता, पण पासवर्ड माहीत असलेला कोणीही आता जगातून कुठूनही आत येतो. उलट कार्यालयाच्या संगणकावर बसणाऱ्या कोणालाही पासवर्डाशिवाय सगळे दिसते.

दोन्ही ओळी ‘रिक्वायरऑल’ च्या कक्षात घाला. आणि तपासताना चार प्रकारे तपासा: कार्यालयातून पासवर्डासह, कार्यालयातून पासवर्डाशिवाय, बाहेरून पासवर्डासह, बाहेरून पासवर्डाशिवाय. तुम्ही यांतला शेवटचा एकच तपासलात, आणि दोन्ही अर्थांत बाहेरच्या माणसाला आधी नकारच मिळत असल्यामुळे त्याने तुम्हाला धीर दिला.

---

पडवी

आज सकाळी वाचनालय उघडताच ग्रंथपालांना फोन करून त्यांच्या संगणकावर तो पत्ता उघडायला सांगितले. फोल्डरात एक रिकामी चाचणी-फाइल होती. ती पासवर्ड न विचारता उघडली. वृत्तपत्रे वाचायला येणारी मुले त्याच संगणकावर निकाल पाहतात.

‘रिक्वायरऑल’ घातल्यावर चारही प्रकार तपासले. कार्यालयातून पासवर्डासह २०० (पान मिळाले), पासवर्डाशिवाय ४०१ (ओळख पटवा), आणि बाहेरून दोन्ही वेळा नकार. चिमटा, तुमचे ऋण मोठे आहे.

---

रातपाळी

याच घराण्यातला आणखी एक सापळा सांगतो. २.४ मध्ये ‘ऑथमर्जिंग’ नावाचे सेटिंग आहे आणि ते न लिहिल्यास बंद असते. त्यामुळे वरच्या फोल्डरावर ‘रिक्वायरऑल’ लावून आतल्या एखाद्या फोल्डरासाठी वेगळी ‘रिक्वायर’ ओळ लिहिली, तर आतल्या ओळीची वरच्या नियमांत भर पडत नाही. ती त्यांची जागाच घेते. ‘जुन्या-याद्या’ अशा उपफोल्डरासाठी पडवींनी नुसते ‘रिक्वायर व्हॅलिड-यूजर’ लिहिले, तर तिथे पत्त्याची अट संपली. वरचे नियम खालीही लागू राहायला हवे असतील तर ‘ऑथमर्जिंग अँड’ लिहावे लागते.

---

पारंबी

मी या धाग्यावर उलट्या अडचणीमुळे आलो. आमचे संकेतस्थळ हलवल्यावर उघडतच नव्हते, सगळीकडे ४०३ (प्रवेश नाकारला). व्हर्च्युअल होस्टमध्ये जुनी ‘ऑर्डर अलाउ,डिनाय’ आणि ‘अलाउ फ्रॉम ऑल’ ही जोडी होती आणि संकेतस्थळ ‘एसआरव्ही’ फोल्डराखाली होते. उबुंटूच्या मुख्य फाइलीत मूळ फोल्डरासाठी ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ आहे एवढे सापडले, पण माझी ‘अलाउ’ ओळ त्यावर मात का करत नाही ते कळले नाही.

---

चिमटा

पारंबी, जुन्या ओळी २.४ मध्ये ‘मॉड-ॲक्सेस-कंपॅट’ हा जोडभाग चालवतो आणि ‘रिक्वायर’ चे काम ‘मॉड-ऑथझेड-कोअर’ पाहतो. तुमच्या ‘अलाउ’ ने पहिल्याची परवानगी मिळवली, दुसऱ्याकडे वरून आलेला नकार तसाच राहिला. कोणी नकार दिला हे लॉगमधल्या क्रमांकावरून ओळखता येते. ‘क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन’ हे वाक्य दोघांचेही सारखेच आहे, पण आधी एएच०१६३० असेल तर नकार ‘रिक्वायर’ चा, आणि एएच०१७९७ असेल तर जुन्या ‘ऑर्डर-डिनाय’ चा. तुमच्या फाइलीतील जुनी जोडी काढून ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ लिहा. दोन्ही पद्धती एकत्र वापरू नयेत असे दस्तऐवजात बजावलेले आहे. पूर्ण फाइल नव्या पद्धतीची झाली की ‘ॲक्सेस-कंपॅट’ बंदच करून टाकावा, म्हणजे चुकून कुठे जुनी ओळ राहिली असेल तर सर्व्हर सुरू होताना अडून बसेल. असे अडणे आपल्याला हवेच आहे.

---

सारथी_२२

मी रोजचे काम एन्जिनएक्स या दुसऱ्या वेब-सर्व्हरवर करतो, तरी धागा उपयोगी वाटला म्हणून तिकडचा अनुभव नोंदवतो. एन्जिनएक्समध्ये पत्ता आणि पासवर्ड दोन्ही लावले तर ‘सॅटिस्फाय’ आजही न लिहिता ‘ऑल’ असते, त्यामुळे पडवींच्या दुसऱ्या चुकीला तिथे जागा नाही. बदल मात्र तिथेही होतात. सुरक्षित (एचटीटीपीएस) जोडणी चालू करणारी ‘एसएसएल ऑन’ ही स्वतंत्र ओळ २०१८ मध्ये १.१५.० पासून कालबाह्य ठरवली गेली. पाच वर्षे प्रत्येक तपासणीत इशारा येत राहिला, आणि जून २०२३ मध्ये १.२५.१ ने ती ओळ काढूनच टाकली. डेबियन १२ या लिनक्समध्ये १.२२.१ आहे, डेबियन १३ मध्ये १.२६.३. ज्यांनी इशारा पाच वर्षे डोळ्यांआड केला त्यांचा सर्व्हर डेबियन १३ वर ‘अननोन डायरेक्टिव्ह’ म्हणून सुरूच होत नाही. रात्री दोन वाजता असे झाले तर शिव्या येतात, हे मान्य. पण कोणाच्या याद्या गूगलवर जात नाहीत.

याच १.२५.१ मध्ये एचटीटीपी-२ साठी ‘लिसन’ च्या ओळीतील शब्दाऐवजी ‘एचटीटीपी२ ऑन’ अशी स्वतंत्र ओळ आली. येथे गंमत उलटी होते. नवे लेख वाचून लोक ती ओळ उतरवून घेतात, आणि उबुंटू २४.०४ मधील १.२४.० ला ती कळत नाही. अशा वेळी ‘रीलोड’ आणि ‘रीस्टार्ट’ यांतला फरक जपावा. फाइल चुकीची असताना ‘रीलोड’ दिले तर जुनी प्रक्रिया जुन्या फाइलीवर चालू राहते. ‘रीस्टार्ट’ ला ती आधी थांबते आणि नवी उठत नाही.

---

घड्याळजी

सारथी_२२ यांनी काळाचा मुद्दा काढला म्हणून एक भर. मोठ्या आवृत्तीच्या वेळीच वागणे बदलते असे समजून बसू नये, सुरक्षा-दुरुस्त्यांमधूनही ते बदलते. १ जुलै २०२४ रोजी आलेल्या २.४.६० मध्ये, ज्यांनी पीएचपी चालवण्यासाठी जुन्या पद्धतीची ‘ॲडटाइप’ ओळ ठेवली होती त्यांच्याकडे काही परिस्थितींत पीएचपीचा प्रोग्राम न चालता त्याचा मजकूरच पाहणाऱ्याला मिळू लागला. डेटाबेसचा पासवर्ड त्यातच असतो. दोन दिवसांनी २.४.६१ काढावी लागली, तीही पुरी पडली नाही, म्हणून १७ जुलैला २.४.६२ आली. तेव्हा ‘ॲडटाइप’ सोडून ‘फाइल्समॅच’ च्या कक्षात ‘सेटहँडलर’ लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

बदल नीट कसा करावा याचा नमुना म्हणून २.४.३९ मधील ‘मर्जस्लॅशेस’ सांगतो. पत्त्यात लागोपाठ आलेल्या तिरप्या रेघा एकत्र करून मगच नियम लावायचे, असे एप्रिल २०१९ मध्ये ठरले, पण त्याच वेळी जुने वागणे हवे असलेल्यांसाठी ते बंद करण्याचे सेटिंगही दिले गेले.

---

उगवतीकर

डेबियन ७ वरून ८ वर जाताना आम्ही अनुभवलेला प्रकार थोडक्यात. ‘साइट्स-एनेबल्ड’ मधील फाइलींच्या नावाला शेवटी ‘डॉट-कॉन्फ’ नसेल तर डेबियनच्या २.४ च्या मांडणीत त्या वाचल्याच जात नाहीत. आमच्या तीन संकेतस्थळांच्या जागी डेबियनचे स्वागतपृष्ठ दिसत होते. अपाची सुरू, तपासणी उत्तम, लॉग स्वच्छ. ‘अपाची-कंट्रोल’ ला मोठा ‘एस’ देऊन व्हर्च्युअल होस्टची यादी मागितली तेव्हा ती रिकामी दिसली आणि मग उलगडा झाला. नावे बदलून पुन्हा एनेबल केल्यावर सर्व सुरळीत.

---

दुसरा_माळा

माझा आक्षेप मी थोडा मागे घेतो, पूर्ण नाही. सर्व्हरने ओरडावे ही अपेक्षा न लिहिलेल्या ओळीबाबत अव्यवहार्य आहे, हे पटले. पण मग सोबत येणाऱ्या फाइलीत सुरक्षेशी संबंधित प्रत्येक सेटिंग लिहिलेलेच असावे, आणि आपणही ते न खोडता ठेवावे, मग फाइलीत कितीही गर्दी होवो. मूळ फोल्डराला बंदी करणारी ओळ हे त्याचे उदाहरण. ती ओळ असण्याचे मोल ऑक्टोबर २०२१ मध्ये कळले. २.४.४९ मध्ये पत्ते सरळ करण्याची पद्धत बदलताना चूक राहिली आणि वेब-फोल्डरच्या बाहेरच्या फाइली मागता येऊ लागल्या. ज्यांच्याकडे मूळ फोल्डरावर ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ शाबूत होते ते त्यातून वाचले.

---

पडवी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आणि आज मिळून काय केले ते नोंदवतो, म्हणजे पुढे कोणी या वाटेने आले तर उपयोग होईल.

अकरा डॉट-एचटीॲक्सेस फाइलींमध्ये जे-जे बंद केलेले होते त्या सगळ्यांचे पत्ते एका साध्या मजकूर-फाइलीत लिहिले. ते सत्तावीस भरले. प्रत्येकापुढे अपेक्षित उत्तर लिहिले, ४०१ किंवा ४०३, आणि मग ‘कर्ल’ या आज्ञेने एकेक पत्ता बाहेरच्या जोडणीवरून मागवून मिळालेला क्रमांक शेजारी उतरवणारी सात ओळींची स्क्रिप्ट तयार केली. आजवर मी स्थलांतरानंतर जे उघडायला हवे ते उघडते का एवढेच पाहत आलो होतो. जे उघडता कामा नये त्याची यादी मी कधी केलीच नव्हती.

सत्तावीसपैकी पंचवीस जुळले. सव्विसावा पत्ता विश्वस्तांच्या सभांच्या इतिवृत्तांचा. त्या फोल्डराचे नाव मी नव्या फाइलीत लिहिताना एक अक्षर चुकलो होतो, त्यामुळे नियम अस्तित्वात नसलेल्या फोल्डराला लागला होता आणि अपाचीने त्याबद्दलही काही म्हटले नव्हते. ते सुधारले.

सत्ताविसाव्याने झोप उडवली. उबुंटूच्या मुख्य फाइलीत ‘डॉट-एचटी’ ने सुरू होणाऱ्या सर्व फाइलींना बंदी आहे, म्हणून पासवर्डांची फाइल सुरक्षित असेल असे मी धरून चाललो होतो. पण आधीच्या स्वयंसेवकाने तिचे नाव ‘चावी डॉट टीएक्सटी’ ठेवले होते, ती ‘सभासद’ च्या बाहेर, दुसऱ्या एका वेब-फोल्डरात होती, आणि तिला झाकणारी ओळ त्याच फोल्डरातील, आता कोणी न वाचणाऱ्या डॉट-एचटीॲक्सेसमध्ये होती. ॲक्सेस लॉगमध्ये त्या एकोणीस दिवसांत ती फाइल चार वेळा उतरवून घेतल्याची नोंद आहे. त्यांपैकी दोन शोधयंत्रांचे रोबोट दिसतात, दोन पत्ते ओळखीचे नाहीत.

पासवर्ड सांकेतिक रूपात साठवलेले असले तरी ते फुटले असेच समजून सगळे रद्द केले. नवी फाइल ‘एटीसी’ या सेटिंगच्या फोल्डराखाली, वेब-फोल्डरच्या पूर्ण बाहेर ठेवली आहे. गूगलच्या शोधातून याद्या काढण्याची विनंती नोंदवली आहे. सभासदांना झाला प्रकार कळवणारे पत्र कार्यकारिणीने मंजूर केले असून, उद्यापासून फोन करून नवे पासवर्ड सांगण्याचे काम ग्रंथपालांनी स्वतःकडे घेतले आहे. ‘अ’ पासून सुरुवात करणार आहेत.